उचलठेवीचं उपनगर

ती घरातून बाहेर आली, दार हलक्या हातानं ओढून घेतलं, ‘येते हं’ म्हणून तीन पायऱ्या उतरलीसुद्धा, आणि मग मागून दलालबाई म्हणाली, “काकू, अहो, घर बघायचं राहिलं की!” तिनं तळहाताकडं पाहिलं. तळहातावर पेनानं आकडा लिहिलेला होता. चौदा. म्हणजे कोऱ्या करकरीत घरात शिरून ती तडक दाराशेजारच्या कपाटापाशी गेली होती, गुडघ्यावर बसली होती, पाण्याच्या मीटरचं झाकण उघडून आकडा टिपला होता आणि उठून चालायला लागली होती. खोल्या किती, खिडक्या कुठल्या अंगाला, ओटा लांब की आखूड, यातलं तिनं काही म्हणता काही पाहिलं नव्हतं. खाली फाटकापाशी उभा असलेला दीर आधी चकित झाला आणि मग पोट धरून हसायला लागला. “वहिनी, पाणीखात्यानं तुम्हाला निरोप दिला, पण तुम्ही काही त्यांना सोडलं नाहीत!” नवराही हसला, पण खाली बघून, बायकोची फजिती आपण पाहिलीच नाही असं दाखवत. एकतीस वर्षं तिनं घरोघर जाऊन पाण्याची मीटरं वाचली होती. निवृत्त होऊन चारच महिने झाले होते, आणि हाडीमाशी भिनलेलं चार महिन्यांत जातं थोडंच. तीही हसली. पण परत पायऱ्या चढताना तिला आत कुठंतरी बारीकसं टोचलं, आणि काय टोचतंय ते कळेना.

मग तिनं घर रीतसर पाहिलं. टेकडीच्या उतारावर नव्यानं बांधलेल्या वीस घरांपैकी सातवं. तीन खोल्या, भिंतींना रंगाचा ओला वास, खिडक्यांच्या काचांवर अजून कागदी पट्ट्या चिकटलेल्या. मोठ्या खोलीच्या खिडकीतून खाली अख्खं शहर दिसत होतं. दीर खिडकीत हात पसरून उभा राहिला, जणू शहर त्यानंच मांडून ठेवलं होतं. तो एका कंपनीत विक्रीखात्यात होता आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असे. घरात त्याला ‘सल्लागार’ म्हणत, अर्थात त्याच्या माघारी. “वहिनी, भाड्यानं द्यायचं घर म्हणजे काय, तर पत्ता,” तो म्हणाला. “टेकडीवर राहतो म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची पुढं करतो. भाडेकरू रांग लावतील.” दलालबाईनं मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर तिचीही मान डोलली. टेकडी तिला पहिल्यापासून आवडायची. एकतीस वर्षांत कितीदा तरी तिनं मनाशी म्हटलं होतं की, घ्यायचंच झालं कधी घर, तर इथं. आता घ्यायचं झालं होतं. निवृत्तीचे पैसे एकदाच मिळतात आणि घरही त्यातून एकच येणार होतं. नवरा शिंपी. त्याच्या डोळ्यांनी आता सुईत दोरा जाईना, शिलाई मशीन दिवसातून दोन तास चालली तर चालली. इथून पुढं दोघांचं जेवणखाण, औषधपाणी त्या एका घराच्या भाड्यावर. ते स्वतः दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत सव्वीस वर्षं भाड्यानंच राहत होते आणि तिथंच राहणार होते, कारण नवऱ्याला ते दुकान सुटत नव्हतं. भाडेकरूनंच घरमालकीण व्हायचं, अशी सगळी गंमत. पण घर मोकळं पडलं, भाडेकरू टिकला नाही, दर वर्षी नवी विटी नवं राज्य सुरू झालं, तर गंमत संपली. म्हणून सगळं या एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं, की घर कुठल्या उपनगरात घ्यायचं.

“बोला काकू, ठरवायचं?” दलालबाईनं विचारलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. “तू म्हणशील तसं,” नवरा म्हणाला. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यानं हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की, त्याचा आधारही वाटायचा आणि रागही यायचा. “दोन दिवस द्या,” ती म्हणाली. दीर चुळबुळला. “दोन दिवसांत दुसरा कुणीतरी उचलेल, वहिनी. तुम्ही आयुष्यभर मीटरं बघितलीत, बाजार नाही बघितलात. हे माझ्यावर सोडा.” ते तिला लागलं. कारण ते खरंच होतं. हजारो घरांत ती शिरली होती आणि एकही घर तिनं पाहिलं नव्हतं. दार उघडायचं, कुणाचे तरी पाय, कुणाची तरी चप्पल, फोडणीचा नाहीतर औषधाचा वास, कपाट, झाकण, आकडा, दुसरं दार. आजच्या त्या फजितीनं जणू सिद्धच झालं होतं, की घर बघायला तिला डोळेच नाहीत. घरी परतताना बसमध्ये तिनं तळहातावरचा चौदा थुंकी लावून पुसायचा प्रयत्न केला. शाई पसरली, आकडा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. “मीटर!” तीच हाक, तोच हेल, फक्त गळा दुसरा. तिच्या जागी नेमलेली नवी बाई होती, हातात नवं यंत्र, पाठीवर खात्याची पिशवी. ती आत आली, दाराशेजारचं कपाट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. कपाटात मीटर दिसतच नव्हतं. पुढं कापडाच्या चिंध्यांची तीन गाठोडी, त्यांच्यावर मोडकी इस्त्री, एक पितळी पिंप, पिंपात छत्र्या, बाजूला नवऱ्याच्या दुकानाची जुनी पाटी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला पाळणा, ज्याचा उपयोग दोन मुली मोठ्या होऊन आपापल्या घरी गेल्या तरी सुचला नव्हता. “मावशी,” नवी बाई कळवळून म्हणाली, “तुम्हीसुद्धा? एकतीस वर्षं हेच काम करून तुमच्या घरी ही अशी उचलठेव?” तो शब्द ऐकला आणि ती पाळणा उचलता उचलता तशीच थांबली. उचलठेव. खात्यातला शब्द. तिला वाटलं, कुणीतरी तिच्या पाठीत थाप मारून तिला जागं केलंय.

मीटर वाचणाऱ्यांच्या खोलीत वर्षातून दोनदा भाग वाटून देत. एक लांब टेबल, त्यावर चहाच्या पेल्यांचे गोल डाग, भिंतीवर शहराचा नकाशा, आणि साहेबांच्या हातात चिठ्ठ्यांचा डबा. टेकडी ज्याच्या वाट्याला येई तो चिठ्ठी हवेत उडवी, बाकीचे त्याच्याकडून चहा उकळत. टेकडी म्हणजे आराम. कपाट उघडलं की समोर मीटर, स्वच्छ, एकटं. तासाभरात तीस घरं. आणि डेपोमागचं उपनगर ज्याच्या वाट्याला येई तो कपाळाला हात लावी. त्या भागाचं नावच पडलं होतं उचलठेव. बस डेपोच्या मागच्या त्या अरुंद गल्ल्यांत एका कपाटात मीटर सरळ दिसेल तर शपथ. पुढं धान्याचे डबे, तीनचाकी सायकल, पंख्याची पाती, बाळंतिणीची खाट, परीक्षेच्या वह्यांचे गठ्ठे. उचला, बाहेर मांडा, आकडा घ्या, परत ठेवा. तासाला आठ घरं झाली तर देव पावला. एका घरात एका म्हातारीनं नवऱ्याचे बूट ठेवले होते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या बुटांना ती कुणाला हात लावू देत नसे, स्वतःच उचलून मांडीवर घेऊन बसायची आणि आकडा टिपून झाला की पुन्हा जागच्या जागी ठेवायची, टाचा भिंतीकडं. तिला त्या म्हातारीचा तेव्हा वैताग यायचा. घड्याळ बघत ती उभी राहायची. पाठ दुखायची, नखांत कोळिष्टकं जायची, आणि ती म्हणायची, काय हा मेला भाग, माणसं आहेत की उंदीर. आणि मनातल्या मनात टेकडी आठवायची. टेकडी तिच्या मनाला नव्हे, पायांना आवडली होती. पायांचं मत घेऊन ती घर घ्यायला निघाली होती.

टेकडीवर कपाटं रिकामी का असत? कारण ठेवायला कुणी थांबतच नव्हतं. अडगळ ही काही बाजारातून आणता येत नाही. ती साठायला वर्षं जावी लागतात. भाडेकरू घर सोडतो तेव्हा खात्याकडून माणूस जाऊन शेवटचं रीडिंग घेतो, म्हणजे जाणाऱ्याचं बिल मिटतं. टेकडीवर शेवटचं रीडिंग तिनं इतक्यांदा घेतलं होतं, की त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. आता ती सगळी घरं एकदम समोर आली. खोक्यांवर बसून चहा पिणारं जोडपं, गुंडाळलेली गादी, रिकाम्या खोलीत स्वतःच्याच चपलांचा मोठा झालेला आवाज, आणि एक बाई, जिनं तिला विचारलं होतं, “वर पाणी सकाळी नऊलाच जातं, हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं हो?” वरून शहर दिसायचं, पण शाळा खाली, दवाखाना खाली, बाजार खाली, आणि शेजारी दर वर्षी नवे. दुरून डोंगर साजरे, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? आणि डेपोमागं? तिनं आठवून पाहिलं. एकतीस वर्षांत तिकडं शेवटचं रीडिंग तिनं तीनदा घेतलं होतं. त्यातलं एक त्या बुटांच्या म्हातारीचं.

नवी बाई आकडा टिपून निघून गेली होती. ती अजून पाळणा धरून उभी होती. “काय गं, काय झालं?” दुकानातून वर आलेल्या नवऱ्यानं विचारलं. “अहो,” ती म्हणाली, “आपण इथं सव्वीस वर्षं आहोत, हे या कपाटावरूनसुद्धा कळतं.” नवऱ्यानं कपाटाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि नेहमीचं वाक्य त्याच्या ओठांवर येऊन परत गेलं. मग ती भडाभडा बोलत सुटली, टेकडी, डेपो, चिठ्ठ्या, बूट. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “काखेत कळसा नि गावाला वळसा.” एवढंच. पण त्याचा चेहरा उजळला होता. ती त्याच्यापेक्षा जास्त उजळली होती. तिला वाटलं, धावत जाऊन त्या चिठ्ठ्यांच्या डब्यातून डेपोचीच चिठ्ठी काढावी आणि हवेत उडवावी. एकतीस वर्षं ज्याला ती कंटाळली होती ते सगळं फुकट गेलेलं नव्हतं. तिनं घरं पाहिली होती. फक्त ती आपल्याला दिसली आहेत, हे तिला माहीत नव्हतं.

तरी त्या दुपारी आनंदातून दुसरंच काहीतरी वर आलं. ती आठ वर्षांची असताना तिच्या माहेरची माणसं एका घरमालकाच्या मागच्या खोलीत राहत. मालक रोज संध्याकाळी यायचा, काही न बोलता मीटरपाशी वाकायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. आकडे ती शाळेत शिकलीच नाही, त्याच्या तोंडून शिकली. आकडा ऐकला की आई नळ बंद करायची, भांडी तशीच साबणात राहायची. मग आईनं एक दिवस मीटरच्या पुढं डब्यांची उतरंड रचली. पाच डबे, एकावर एक, सगळे भरलेले. मालक म्हणाला, “हे काय?” आई म्हणाली, “संसार आहे. उचला आणि बघा, हात आहेत ना.” त्यानं उचलले, घामाघूम झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलले. तिसऱ्या दिवशी आला नाही. आई पदरात तोंड घालून हसत होती. तिनं आईला इतकं हसताना नंतर कधी पाहिलं नाही, कारण पुढल्याच महिन्यात त्यांना जागा सोडायला सांगितलं गेलं. आणि आता आपण मालक होणार. आपणही कुणाच्या तरी दारात जाऊन वाकणार का? उद्या भाडेकरूचा नळ वाहताना ऐकला तर त्या मालकासारखा आपलाही जीव तुटेल का? याचं उत्तर कपाटात नव्हतं. ती स्वतःशीच म्हणाली, की डबे उचलणारा मालक कसा असतो ते मला ठाऊक आहे, तेवढं एक सोडून दुसरं काहीही होता येईल. ठरलं. आणि ठरल्यावर तिला भूक लागली, सणसणीत, आणि तिनं उभ्या उभ्याच ताटभर जेवून घेतलं.

डेपोमागं सतरंज्यांच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर पाच नवी घरं उठली होती. दलालबाईला ती दाखवायची नव्हती, कारण तिथं खिडकीतून दाखवण्यासारखं काही नव्हतं. समोर गल्ली, गल्लीपलीकडं दुसऱ्या घरांच्या खिडक्या, त्यांत वाळत घातलेली चादर. दीर बसमधून उतरला तेव्हापासून नाकाला रुमाल लावून होता. “वहिनी, इथं?” तो म्हणाला. “अहो, इथं कोण येईल?” “येणाऱ्याचं नका विचारू, भाऊजी,” ती म्हणाली, “जाणाऱ्याचं विचारा.” “म्हणजे?” “या.” आणि नव्या घरांकडं न जाता ती शेजारच्या जुन्या घराच्या दारापाशी गेली. आजवर खात्याची पिशवी नसताना तिनं या गल्लीत पाय ठेवला नव्हता. खांदा हलका वाटत होता, जरा उघडाच. तिनं थाप मारली. दार उघडणाऱ्या बाईनं तिला पाहिलं मात्र, “अगं बाई, मीटरवाली! थांब थांब, उचलते,” म्हणत ती वळलीसुद्धा आणि कपाटासमोरचे डबे सवयीनं खाली उतरवायला लागली. “अहो, राहू द्या! आज नका उचलू,” ती ओरडली, आणि दोघी हसत सुटल्या. दीर दारातच उभा होता, एका हातात रुमाल, समोर डबे, वह्या, कुकर, क्रिकेटची बॅट, आणि त्या सगळ्यामागं कुठंतरी मीटर.

“किती वर्षं झाली तुम्हाला इथं, भाड्यानं?” तिनं विचारलं. विचारलं त्या बाईला, पण तोंड दिराकडं होतं. बाईनं बोटांवर मोजलं. “मोठीच्या जन्माआधी आलो. एकोणीस.” “आणि शेजारी?” “डावीकडं? ते तर आमच्याही आधीचे.” “उजवीकडं?” बाईनं हात झटकला. “ते काय, नवीन आहेत. त्यांची आपली फार ओळख नाही अजून. सातच वर्षं झाली.” दिराचा रुमाल खाली आला. सल्लागाराला सल्ला सुचत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि तिला त्याची जवळजवळ दया आली. जवळजवळच. “सात वर्षं म्हणजे नवीन,” तो पुटपुटला. “पाणी?” “पाणी खाली चोवीस तास. डेपोच्या टाकीवरून येतं. शाळा कोपऱ्यावर, पहाटेची पहिली बस दारातून सुटते. इथून माणूस कशाला हलेल, भाऊजी? मी एकतीस वर्षं या लोकांना शिव्या दिल्या. ते हलले असते तर मला बरं झालं असतं!” मग ती नव्या घरात गेली. या वेळी आधी खिडक्या पाहिल्या, दारं उघडली, मिटली, ओट्यावर तळवा फिरवला, नळ सोडला आणि वाहू दिला, चांगला धो धो, मागोमाग आलेला नवराही बघत राहिला. दलालबाईनं विचारलं, “बोला काकू?” नवऱ्यानं तोंड उघडलं. “तुम्ही थांबा,” ती म्हणाली, “मी म्हणेन तसंच ना? मग मी म्हणते. हेच.” तिचा आवाज रिकाम्या खोलीत घुमला आणि तो आवाज आपला आहे हे तिला फार आवडलं.

‘भाड्यानं देणे’ची पाटी लावायचीही वेळ आली नाही. किल्ल्या हातात पडून आठवडा झाला असेल नसेल, डेपोतली एक बसचालक बाई घर बघायला आली. खाकी पोशाख, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, सोबत पाचेक वर्षांची मुलगी. तिनं सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या, भराभर, बस वळवल्यासारखं मान वळवत, आणि शेवटी दाराजवळच्या भिंतीशी थांबली. “एक विचारू का? राग मानू नका. आधीच्या दोन्ही जागी मालकांनी नाही म्हटलं होतं.” “विचारा की.” “भिंतीत खिळा ठोकला तर चालेल? हिचं दप्तर अडकवायला. जमिनीवर टाकते ही, रोज माझ्या पायात येतं.” दीर तिथंच होता. त्यानं दचकून नव्या गुळगुळीत भिंतीकडं पाहिलं. “वहिनी, रंग अजून नीट वाळलापण नाहीये!” तिनं ऐकलं नाही असं नाही. ती घरमालकीण होती आणि भिंत तिची होती, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्या भिंतीचा कोरेपणा तिला एकाएकी सहन होईना. “अहो,” तिनं नवऱ्याला हाक मारली, “हातोडी बघा कुणाकडं मिळते का.” नवरा पलीकडच्या घरातून हातोडी आणि चार खिळे घेऊन आला. बसचालक बाईनं मुलीला भिंतीशी उभं केलं, तिच्या खांद्याच्या उंचीवर खूण केली आणि तीन घावांत खिळा बसवला. रंगाचा एक टवका उडून खाली पडला. मुलीनं लगेच दप्तर अडकवलं, काढलं, पुन्हा अडकवलं.

“झालं,” बसचालक बाई म्हणाली आणि हातोडी परत द्यायला लागली.

“थांबा,” ती म्हणाली. तिनं हातोडी स्वतःच्या हातात घेतली, दुसरा खिळा घेतला, आणि टाचा उंचावून त्याच रेषेत, पहिल्यापासून चांगलं हातभर वर, तो भिंतीला टेकवला. “हाही आत्ताच ठोकून ठेवते. ही वाढेल ना.”